७७ गिगाहर्ट्झचा ॲम्प्लिफायर: एनडीएपासून दुसऱ्या चिपपर्यंत

ऑगस्ट २०२४ मध्ये गाडीच्या रडारसाठी आखलेल्या माझ्या दुसऱ्या चिपचं मोजमाप संपलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही करून सुरू झालेलं काम बावीस महिन्यांनी एका आलेखावर येऊन टेकलं. सुरुवातीला मी रात्ररात्र शोधत बसायचे, की हे काम प्रत्यक्षात चालतं कसं, कुठे किती थांबावं लागतं, माणसं नेमकी कुठे अडकतात. शोधनिबंध ढीगभर मिळायचे. त्यांत शेवटचा आलेख असतो, त्याआधीचे महिने नसतात. ते महिने इथे लिहून ठेवते आहे. ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) करून कुणी या वाटेला आलंच, तर अंधारात चाचपडणं थोडं कमी व्हावं.

मी मूळची गारगोटीची. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं नोकरी केली आणि २०२१ च्या हिवाळी सत्राला मास्टर्ससाठी जर्मनीत आले. वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांची बरीच वर्षं कोल्हापूर-कणकवली मार्गावर गेली. गगनबावडा सोडून करूळ घाटात गाडी घातली की जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं उतरतं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेपर्यंत ट्रक पुढ्यातच आलेला असतो. गाडीच्या रडारवर काम करणार आहे असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आण्णांचा पहिला प्रश्न होता, "धुक्यातनं दिसतंय काय त्याला?"

दिसतं. गाडीचं रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. ७७ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी साधारण ३.९ मिलिमीटर येते. धुक्याचा थेंब दहा-वीस मायक्रॉनचा. त्याच्याकडे ही लहर ढुंकूनही पाहत नाही. पाऊस वेगळा. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा, म्हणजे लहरीच्याच मापाचा, त्यामुळे तो तिला विखुरतो आणि शोषतोही. ताशी २५ मिलिमीटर पावसात दर किलोमीटरला सुमारे १० डेसिबल जातात, म्हणजे शक्तीचा दहावा भाग उरतो. दोनशे मीटरवरच्या ट्रकपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे चारशे मीटर, म्हणजे चार डेसिबल गेले. आण्णांना डेसिबल सांगितले नाहीत, पण पावसात थोडं कमी दिसतं हे सांगितलं. ते म्हणाले, "मग पावसाचा हिशेब धरूनच कर." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

ही कल्पना जुनी आहे. क्रिस्टिआन ह्युल्समायर याने १९०४ साली कोलोनमध्ये राईनवरच्या जहाजांवरून परत येणाऱ्या लहरी लोकांना दाखवल्या होत्या, आणि हेतू हाच, की धुक्यात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत. गाडीत हे यायला मात्र नव्वदचं दशक संपावं लागलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ७७ गिगाहर्ट्झचं रडार आलं. तेव्हा लहर गॅलियम आर्सेनाइडच्या महागड्या भागांतून तयार व्हायची. पुढे हेच काम सिलिकॉन-जर्मेनियमच्या चिपवर होऊ लागलं आणि किंमत सामान्य गाडीच्या आवाक्यात आली. त्या चिपवरचा शेवटचा टप्पा, म्हणजे अँटेनाच्या अगदी अलीकडचा पॉवर ॲम्प्लिफायर, हा माझा विषय.

पहिले पाच आठवडे काहीच करता आलं नाही. चिप बनवायची तर कारखान्याचं पीडीके, म्हणजे प्रोसेस डिझाइन किट, लागतं. त्यात ट्रान्झिस्टरची मॉडेलं, धातूच्या थरांच्या जाड्या, काय आखलं तर चालेल आणि काय नाही याचे शेकडो नियम असतात. हे सगळं गोपनीय, म्हणून एनडीए. माझी सही एका मिनिटात झाली. मग कागद विद्यापीठाच्या कायदा विभागात गेला, तिथून परत आला, एक रकाना राहिला म्हणून पुन्हा गेला. मी दर सोमवारी ईमेल करायचे. शेवटी खाते उघडून मिळालं तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. अटी कडक होत्या: डेटा संस्थेच्या सर्व्हरवरच राहील, पेनड्राइव्ह नाही, स्क्रीनशॉट घरी पाठवायचा नाही. त्या पाच आठवड्यांत मी स्मिथ चार्ट (जुळणीचं गणित सोडवायचा आलेख) हाताने सोडवत बसले, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

आज सुरुवात करणाऱ्याला हे थांबणं टाळता येईल. फ्रांकफुर्ट आन देर ओडर इथल्या आयएचपी या संशोधन संस्थेने तिच्या एसजी१३जी२ या १३० नॅनोमीटर सिलिकॉन-जर्मेनियम प्रक्रियेचं खुलं पीडीके गिटहबवर ठेवलं आहे. मीही याच प्रक्रियेत काम केलं. एक्सस्कीम, एनजीस्पाइस, केलेआउट, ओपनईएमएस ही सगळी मोफत साधनं त्याच्यासोबत चालतात. घरी साधा लॅपटॉप असेल तरी एका टप्प्याचा ॲम्प्लिफायर आखून पाहता येतो, कुणाची सही लागत नाही. मला हे सुरुवातीला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

डिझाइनचं पहिलं गणित सोपं दिसतं. या प्रक्रियेतल्या ट्रान्झिस्टरची एफमॅक्स, म्हणजे ज्या वारंवारितेच्या पुढे तो शक्ती वाढवू शकत नाही ती, सुमारे ४५० गिगाहर्ट्झ आहे. ४५० ला ७७ ने भागून वीस लॉग घेतला की साधारण १५ डेसिबल येतात. म्हणजे कागदावर एका टप्प्याला तेवढं वर्धन मिळू शकतं. धातूतला ऱ्हास, जुळणीतला ऱ्हास वजा करता हातात बरंच कमी उरतं. माझं उद्दिष्ट होतं दोन टप्प्यांत २० डेसिबल आणि संपृक्त (बाहेर मिळू शकणारी जास्तीत जास्त) शक्ती १५ डीबीएम, म्हणजे साधारण ३२ मिलिवॅट. एवढीच शक्ती? मलाही तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पण हा ट्रान्झिस्टर १.६ व्होल्टच्या आसपासच्या कलेक्टर-एमिटर व्होल्टेजला दमतो. वेग हवा तर थर पातळ करावे लागतात, आणि पातळ थर जास्त व्होल्टेज झेलत नाहीत. म्हणून एकावर एक असे दोन ट्रान्झिस्टर रचून, कॅस्कोड करून, ३.३ व्होल्ट वाटून घेतले. त्याच्या दोन समान बाजू केल्या आणि टप्प्यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर ठेवले.

हे ट्रान्सफॉर्मर डोळ्यांपुढे आणा. महावितरणचा खांबावरचा नव्हे. दोन चकत्या, प्रत्येकी एकाच वेढ्याच्या, एकीवर एक, व्यास ६६ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो. वरची चकती सर्वांत वरच्या तीन मायक्रॉन जाडीच्या धातूत, खालची तिच्याखालच्या दोन मायक्रॉन जाडीच्या धातूत.

इथे मला जे समजायला तीन महिने लागले ते सांगते. कॉलेजात आपण सर्किट काढतो तेव्हा दोन भागांना जोडणारी रेघ म्हणजे नुसती जोडणी असते. तिला किंमत नसते. ७७ गिगाहर्ट्झला असं चालत नाही. ढोबळ हिशेबाने एक मायक्रॉन तार म्हणजे एक पिकोहेन्री इंडक्टन्स. दहा मायक्रॉनचा तुकडा म्हणजे दहा पिकोहेन्री, आणि ७७ गिगाहर्ट्झला त्याचा विरोध जवळजवळ पाच ओहम. ट्रान्झिस्टरच्या बेसकडे पाहिलं तर एकूण विरोधच पंधरा-वीस ओहम, त्यात हे पाच फुकट जोडले गेले. चिप बाहेर जोडणारी नेहमीची एक मिलिमीटरची बाँडवायर इथे ४८४ ओहम होते, म्हणजे जवळपास दार बंदच. चिपवर सिलिकॉन ऑक्साइडमध्ये तरंगलांबी अर्ध्यावर येते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे पाव तरंगलांबी. तिचं एक टोक जमिनीला (शून्य व्होल्टला) जोडा, दुसऱ्या टोकाला ती जमीन राहतच नाही. तिथे जणू तार तुटलेली आहे असंच दिसतं.

म्हणून या कामात सर्किट आधी आणि लेआउट (धातूच्या थरांची प्रत्यक्ष आखणी) नंतर असा क्रम ठेवून भागत नाही. लेआउट हेच सर्किट. मी मात्र नोव्हेंबर ते जानेवारी आदर्श ट्रान्सफॉर्मर टाकून सिम्युलेशनवर सिम्युलेशन करत राहिले, २४ डेसिबल मिळतात म्हणून खूश झाले आणि फेब्रुवारीत लेआउट काढायला घेतल्यावर ते २४ चे १३ झाले. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. माझा मार्गदर्शक, संस्थेतलाच एक पीएचडीचा विद्यार्थी, शांतपणे म्हणाला की आता हातातलं सगळं बाजूला ठेव, आधी ट्रान्झिस्टर आणि त्याच्याभोवतीचा ३० मायक्रॉनचा परिसर आख, त्याचं विद्युतचुंबकीय सिम्युलेशन कर आणि तोच तुझा ट्रान्झिस्टर असं समज. तसं केलं. आकडे हळूहळू वर आले. एका ट्रान्सफॉर्मरचं सिम्युलेशन वीस मिनिटांत व्हायचं, पूर्ण ॲम्प्लिफायरचं अकरा-बारा तास. संध्याकाळी सहाला लावायचं, सकाळी चहा घेऊन उत्तर बघायचं. एका दिवसाला एकच प्रश्न विचारता येतो, म्हणून प्रश्न नीट विचारायची सवय लागली. फाइलच्या नावात तारीख आणि काय बदललं ते लिहा; मी पहिले दोन महिने लिहिलं नाही, आणि नंतर कुठला निकाल कशाचा हे उमगेना.

स्थिरतेकडेही आधीपासून पाहा. ७७ ला सगळं छान असतं आणि खाली कुठेतरी, जिथे कुणी बघत नाही, तिथे ॲम्प्लिफायर स्वतःच गुणगुणायला लागतो. शून्याच्या जवळपासून थेट २०० गिगाहर्ट्झपर्यंत तपासणी चालवा. कॅस्कोडमध्ये वरच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला थोडंही इंडक्टन्स लागलं की दोलन सुरू व्हायला निमित्त मिळतं. त्या बेसला जमिनीशी जोडणारा संधारित्र शक्य तितका चिकटून ठेवा.

टेपआउट, म्हणजे तयार आराखड्याची फाइल कारखान्याला पाठवणं, मे २०२३ मध्ये. एकाच वेफरवर अनेकांच्या चिपा छापून खर्च वाटून घ्यायचा, अशी सामायिक फेरी असते. युरोपातल्या विद्यापीठांना ती युरोप्रॅक्टिस या सेवेमार्फत मिळू शकते. दर प्रति चौरस मिलिमीटर काही हजार युरो असतो, त्यामुळे जागा तोलून वापरायची. माझ्या वाट्याला आलेली जागा १.१ गुणिले ०.७ मिलिमीटर. पैसे प्रकल्पातून गेले. माझ्या खिशातून काही गेलं नाही, तरी दुसऱ्याच्या पैशाचं ओझं खांद्यावर जाणवत होतंच. नोंदणीचा अर्ज मुदतीच्या बराच आधी द्यावा लागतो आणि त्यात चिपचं माप आधीच लिहावं लागतं, डिझाइन पूर्ण व्हायच्या आत. माप थोडं मोठं लिहा. नंतर वाढवून मिळत नाही.

शेवटच्या आठवड्यात डीआरसीच्या, म्हणजे आखणीचे नियम तपासणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलेल्या, चुका दोन हजारांवर होत्या. बहुतेक एकाच पॅडच्या (बाहेरून जोडणी करायच्या धातूच्या जागेच्या) प्रती होत्या, एक दुरुस्त केली की सहाशे जायच्या. तरी हा आठवडा टाळता आला असता. डीआरसी पहिल्या दिवसापासून रोज चालवायला हवा होता. राहिला होता धातूच्या घनतेचा नियम. प्रत्येक थरात ठरावीक टक्के धातू असलाच पाहिजे, नाहीतर वेफर घासून सपाट करताना तो उंचसखल होतो. म्हणून रिकाम्या जागेत धातूचे छोटे चौकोन भरणारी एक स्क्रिप्ट असते. मी ती मुदतीच्या आदल्या रात्री चालवली. डीआरसी शून्य झाला. फाइल पाठवली. पहाटे साडेचारला सायकलवरून खोलीवर जाताना मला एवढं हलकं वाटत होतं, की त्या चौकोनांचा विचार मनाला शिवलाही नाही.

मग पाच महिने वाट पाहणं. यात एक कागदी गणित आहे, ते आधी कुणी सांगत नाही. मास्टर्सच्या प्रबंधाला सहा महिने मिळतात. चिप यायला चार-पाच महिने लागतात. टेपआउटच्या आधी प्रबंध नोंदवला, तर मोजमाप हातात यायच्या आत मुदत संपते. माझ्या प्राध्यापकांनी डिझाइनचं काम आधी प्रकल्प म्हणून करायला लावलं आणि प्रबंधाची नोंदणी चिप आल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये केली. तुम्हीही पहिल्याच भेटीत हा विषय काढा. मधल्या काळात संस्थेत विद्यार्थी सहाय्यक म्हणून तासावर काम केलं. खोलीचं भाडं ३४० युरो होतं, ते त्यातून निघायचं. राहण्याचा परवाना त्याच उन्हाळ्यात संपत होता. जुलैमध्ये अर्ज केला, नोव्हेंबरची वेळ मिळाली, मधले महिने तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काढले. वाढीव परवान्याची फी ९३ युरो. प्रबंध, नोकरी, परवाना या तिघांच्या तारखा एकाच कागदावर लिहून भिंतीला लावा.

चिपा ऑक्टोबरमध्ये आल्या. तळहातावर मावणारी डबी, आत चिकट थरावर ४० तुकडे. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या चकत्या दिसल्या तेव्हा छातीत धडधडलं. वर्षभर पडद्यावर रंगीत पाहिलेली गोष्ट खरीखुरी, पिवळसर चकचकीत, समोर होती.

आमच्या संस्थेतला नेटवर्क ॲनलायझर (वर्धन मोजायचं यंत्र) ६७ गिगाहर्ट्झपर्यंतच जायचा. ६० ते ९० गिगाहर्ट्झचे वाढीव भाग दुसऱ्या विद्यापीठात होते. तिथली वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. प्रवासाच्या परवानगीचा अर्ज, सोबत नेणार त्या प्रोबच्या (चिपच्या पॅडवर टेकवून मोजायच्या सुयांच्या) जबाबदारीचा कागद, हे सगळं भरून नोव्हेंबरात गेले. ४९ युरोचं महिन्याचं तिकीट त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालं होतं, त्यावर लोकल गाड्या बदलत पाच तासांत पोचले. प्रोबची डबी पूर्ण वेळ मांडीवर होती. एकेका प्रोबची किंमत हजारांत, आणि टोकं शंभर मायक्रॉन अंतरावर.

पहिला अख्खा दिवस कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे केबल आणि प्रोबचा परिणाम मोजून वजा करण्यात, गेला. तसाच जाऊ द्या. प्रोब पॅडला टेकल्यावर किंचित पुढे सरकतो, वीस-तीस मायक्रॉन. प्रत्येक वेळी तेवढाच सरकला पाहिजे. केबल हलली की फेज हलली. खोलीचं दार उघडंमिट झालं तरी तापमानाने आकडे सरकतात. कॅलिब्रेशन झाल्यावर लगेच चिपकडे धावू नका, आधी तीच सरळ जोडणी पुन्हा मोजा, प्रोब हवेत उचलून मोजा. ते जमलं तरच पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह, हळूहळू वाढवला. ४८ मिलिॲम्पिअरवर असताना आकडा एकदम ६१ वर उडाला. म्हणजे दोलन. वीज पुरवणाऱ्या डीसीच्या सुया लांब असतात, त्यांचं काही नॅनोहेन्री इंडक्टन्स आणि चिपवरचे संधारित्र यांनी मिळून खालच्या वारंवारितेत सूर धरला होता. तिथल्या तंत्रज्ञाने सुयांच्या अगदी टोकाजवळ संधारित्र आणि छोटा रोध जोडून दिला. उडी थांबली. त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही. जेवणाची सुट्टी सोडून ते सोल्डरिंग करत बसले होते.

मग आलेख आला. शिखर ७७ ला हवं होतं. ते ७२.५ ला होतं.

मला वाटलं कॅलिब्रेशन चुकलं. पुन्हा केलं. चिप बदलली. तिसऱ्यांदा केलं. पाच चिपा मोजल्या, पाचही ७२.५. त्या शिखरावर वर्धन १८.६ डेसिबल होतं, पण ७७ ला जेमतेम १४. शक्ती ७७ ला १३ डीबीएम, म्हणजे २० मिलिवॅट. ठरवलेल्यापेक्षा दोन डेसिबल कमी.

परतीच्या गाडीत मी दोन डेसिबलचा हिशेब करत बसले. रडारमध्ये परतीचा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो. दुप्पट लांब पाहायचं तर सोळापट शक्ती लागते. उलट बाजूने, शक्ती दोन डेसिबलने घटली तर पल्ला अकरा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. दोनशे मीटरवर दिसणारा ट्रक १७८ मीटरवर दिसेल. बावीस मीटरचा फरक. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. म्हणजे माझ्या चुकीची किंमत एक पूर्ण सेकंद होती. करूळ घाटात एक सेकंद म्हणजे काय हे मला आण्णांच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर बसून केलेल्या प्रवासांतून ठाऊक होतं.

पुढचे सहा आठवडे चूक शोधण्यात गेले. ७७ वरून ७२.५ ला येण्यासाठी इंडक्टन्स आणि धारिता (संधारित्राचं मूल्य) यांचा गुणाकार तेरा टक्के वाढायला हवा. माझ्या सर्किटात ट्रान्सफॉर्मरपाशी ४० फेमटोफॅरड धारिता होती, म्हणजे कुठूनतरी पाच फेमटोफॅरड जास्तीचे आले होते. पाच फेमटोफॅरड हे इतकं कमी आहे, की हातातल्या कुठल्याही मीटरवर ते दिसणार नाही. सापडले ते दोन ठिकाणी. सुमारे तीन त्या चौकोनांतून आले. ट्रान्सफॉर्मरच्या आत चौकोन भरू नयेत म्हणून खुणेचा थर आखावा लागतो. मी तो वरच्या दोन धातूंसाठी आखला होता, खालच्या पाच धातूंसाठी विसरले होते. स्क्रिप्टने नियमाप्रमाणे खालची जागा भरून टाकली, आणि माझं सिम्युलेशन त्याच्या आधीचं होतं. बाकीचे दोन फेमटोफॅरड त्रिशंकूसारखे लटकले होते. ट्रान्झिस्टरचं मॉडेल पहिल्या धातूपर्यंत येतं. माझं विद्युतचुंबकीय सिम्युलेशन वरच्या धातूपासून सुरू व्हायचं. मधला व्हायांचा (दोन थर जोडणाऱ्या उभ्या खांबांचा) जिना ना या हिशेबात होता, ना त्या. दोघांना वाटत होतं दुसऱ्याने मोजलाय.

या शोधात एक गोष्ट फार नडली. पहिल्या चिपवर मी सगळी जागा ॲम्प्लिफायरला दिली होती. सुटा ट्रान्सफॉर्मर, सुटा ट्रान्झिस्टर, नुसते उघडे आणि जोडलेले पॅड असं काहीच ठेवलं नव्हतं, त्यामुळे संशयिताला एकटं बसवून विचारता येईना. फक्त सिम्युलेशनमध्ये एकेक गोष्ट घालत, काढत, मोजलेल्या आलेखाशी पडताळत जावं लागलं. जागा कितीही कमी असो, हे सुटे नमुने ठेवाच.

दुसरा टेपआउट फेब्रुवारी २०२४. ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स १०७ पिकोहेन्रीवरून ९५ वर आणलं. चौकोन स्वतःच्या हाताने, दोन्ही बाजूंना सारखे मांडले आणि सिम्युलेशनमध्ये घेतले. जिना पूर्ण आखला. मुदतीच्या दहा दिवस आधी सगळं गोठवलं आणि त्यानंतर एकाही चौकोनाला हात लावला नाही. प्रबंध मे महिन्यात दिला, त्यात पहिली चिप आणि तिच्या चुकीचं विश्लेषण. दुसरी तोवर आली नव्हती. चुकलेल्या चिपवर प्रबंध कसा लिहायचा याची मला भीती होती. परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्या पाच फेमटोफॅरडवरच आले, आणि त्यांची उत्तरं माझ्याकडे होती.

दुसऱ्या चिपा जुलैत आल्या. ऑगस्टमध्ये तीच प्रयोगशाळा, तेच तंत्रज्ञ. शिखर ७७.४ गिगाहर्ट्झ, वर्धन १९.३ डेसिबल, शक्ती १४.६ डीबीएम, म्हणजे २९ मिलिवॅटच्या आसपास. ठरवलेल्या १५ ला ०.४ कमी पडले. गरम पाटावर १२५ अंशांना वर्धन चार डेसिबलने घसरतं; बंपरमागे उन्हात तापलेल्या चिपला तेवढं सोसावं लागतं, त्यामुळे बायस तापमानासोबत वाढवणारी जोडणी हे पुढचं काम आहे. आणि पॅकेजिंग तर अजून सुरूही केलेलं नाही.

सप्टेंबरात गणपतीला घरी गेले. प्राध्यापकांची परवानगी घेऊन पहिल्या खेपेतली, पॅड खरवडलेली एक चिप डबीतून नेली होती. आण्णांनी ती खिडकीपाशी उजेडात धरून घड्याळ्याच्या भिंगातून बराच वेळ पाहिली.

"दोन चकत्या दिसत्यात बारक्या."

"होय, त्याच त्या."

"आणि चुकलेलं कुठं?"

"त्यांच्या खाली आहे, आण्णा. वरून दिसत नाही."

त्यांनी चिप किंचित तिरकी केली आणि पुन्हा भिंग लावलं.